दुसऱ्या मजल्यावरचा सर्वेश

सांगून कुणाला खरं वाटायचं नाही, पण ठाकुर्लीला, स्टेशनच्या पूर्वेकडे, एका साध्याशा इमारतीत एक मूल राहत होतं. त्याला कुणी जन्म दिला नव्हता, त्याचं नाव कुणी ठेवलं नव्हतं, त्याच्या घराला दारसुद्धा नव्हतं. तरीही त्या मुलाला झोप म्हणून लागत नव्हती. आणि तिकडे ठाण्याला, वर्तकनगरात, एक बाई त्याच्या काळजीनं दुपारभर टक्क जागी असायची. ज्याला हे पटणार नसेल त्यानं आत्ताच उठून चहा टाकावा. बाकीच्यांनी बसावं.

हे मूल निघालं कुंडलिकच्या तोंडातून. कुंडलिक पालिकेत चावीवाला होता. म्हणजे रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, लांब दांड्याची चावी आत घालायची, ती फिरवून गल्लीगल्लीला पाणी सोडायचं, हे त्याचं काम. बायामाणसं हंडे घेऊन उभी आणि चावी कुंडलिकच्या हातात, मग त्याची गोष्ट ऐकल्याशिवाय जातात कुठे? मोहन्याला नदीत त्यानं म्हणे एवढा मासा धरलेला, की डोकं मोहन्यात नि शेपूट आंबिवलीला, आणि मधल्या भागावर बसून बाया कपडे धूत होत्या. त्यांना उठा म्हणायचं जिवावर आलं म्हणून मासा सोडून दिला. लोक म्हणायचे, कुंडलिक थाप मारतो. पण पाणी येईपर्यंत थाप बरी वाटायची. पुढे तो निवृत्त झाला, चावी पालिकेकडे गेली, थापा त्याच्याकडे राहिल्या.

आता घरात मुलगा धम्मपाल, सून वैशाली आणि त्यांची तान्ही पोरगी, उर्वी. धम्मपाल अंबरनाथला कंपनीत पाळीवर जायचा. वैशाली कल्याणला एका लॅबमध्ये रिपोर्टच्या खिडकीवर बसायची. बाळंतपणाची सुट्टी संपून ती नुकतीच कामावर रुजू झाली होती. उर्वीचं दिवसभराचं सगळं आजीनं, म्हणजे शांताबाईनं बघायचं असं ठरलेलं. कुंडलिकच्या वाट्याला फक्त भाजी आणणं आणि मधूनमधून थापा मारणं.

पण ऐन वेळी शांताबाईच्या कमरेला नागीण उठली. डाव्या अंगाला पाण्याच्या फोडांची रांग आणि नुसती आग. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं की फोड सुकून खपल्या धरेपर्यंत तान्ह्या मुलाच्या जवळपास फिरकायचं नाही, बाळाला त्यातनं कांजिण्या यायच्या. दोन खोल्यांच्या घरात माणूस फिरकणार नाही तर जाणार कुठे? म्हणून लेक योगिनी येऊन तिला ठाण्याला आपल्या घरी घेऊन गेली.

निघताना शांताबाई दारातच उभी राहिली. आत पाऊल टाकेना. उर्वी गोधडीवर उताणी पडून एक पाय पलीकडे टाकायची, कुशीवर व्हायची, तिथे जरा वेळ लटकायची आणि धपकन परत उताणी पडायची. शांताबाई पदर तोंडाला लावून बघत राहिली.

"आज-उद्यात पालथी पडणार ही," ती कुंडलिकला म्हणाली. "मी येईस्तोवर पडू देऊ नका."

"सांगून ठेवतो तिला," कुंडलिक म्हणाला.

सगळे हसले. शांताबाई हसली नाही, आणि ती का हसली नाही ते कुंडलिकला ठाऊक होतं.

डोंबिवलीत एका बाईंच्या पाळणाघरात शांताबाईनं उमेदीची सगळी वर्षं काढली होती. आया ऑफिसात आणि मुलं हिच्या पुढ्यात. दुसऱ्यांची इतकी पोरं तिच्या डोळ्यांदेखत पालथी पडली, की एकाला एक लावली तर डोंबिवलीपासून कल्याणच्या खाडीपर्यंत रांग गेली असती. स्वतःचा धम्मा मात्र पडला शेजारच्या गंगुबाईच्या ओट्यावर. योगिनी कधी पडली ते तर कुणालाच नक्की सांगता येईना. एका संध्याकाळी शांताबाई कामावरनं आली तर पोरगी पालथी पडून चटईची काडी ओढत होती, जणू जन्मली तीच तशी. शांताबाईनं तिला उचलून घेतलं आणि त्या दिवशी भाकरी थापतानाही मांडीवरनं खाली ठेवलं नाही.

पाळणाघरात ती सुरुवातीला आयांना मोठ्या हौसेनं सांगायची, आज तुमचा पालथा पडला हो. मग एकदा एक आई खांद्याची पर्स न काढता ते ऐकत उभी राहिली, "हो का," एवढंच म्हणाली आणि मुलाला घेऊन जिना उतरून गेली. तिची ती उतरणारी पाठ शांताबाईला कधी विसरता आली नाही. तेव्हापासून तिनं सांगणं बंद केलं. मूल दुपारी पालथं पडलं तरी संध्याकाळी म्हणायची, आज-उद्यात पडेल असं वाटतंय, घरी लक्ष ठेवा. दुसऱ्या दिवशी ती आई फुललेल्या तोंडानं यायची, शांताबाई, काल पडला, आमच्यासमोर पडला. आणि शांताबाई गालावर हात ठेवून म्हणायची, काय सांगता. कुंडलिकनं जन्मात इतक्या थापा मारल्या, पण बायकोची ही एक थाप तो आपल्या सगळ्या थापांच्या वर ठेवायचा.

तर अशी ही शांताबाई ठाण्याला गेली, आणि उर्वी काही तिच्यासाठी थांबली नाही.

दुपारची वेळ. कुंडलिक शेजारी बसून लसूण सोलत होता. उर्वी वळायची ती नेहमी एकाच बाजूला, भिंतीकडे, जिथे शांताबाई पाय पसरून बसलेली असायची. आता तिथे नुसती भिंत होती, तरी पोरीचं आपलं तिकडेच. तिनं पाय टाकला, कंबर उचलली, कुशीवर आली आणि तिथे थांबली. नेहमी इथूनच ती मागे पडायची. कुंडलिकच्या हातातली पाकळी तशीच राहिली. मग तिनं डोकं पुढे काढलं आणि सावकाश, एखादं पान उलटावं तशी, ती पालथी झाली. मान वर. मान लटलट हलतेय. डोळे एवढे मोठे, की आपल्याखालची जमीनच कुणीतरी फिरवून ठेवली असं तिला वाटलं असावं. तिनं भिंतीकडे बघितलं. मग कुंडलिककडे बघितलं. एक हात अंगाखाली अडकला होता. तो काही निघेना, तेव्हा तिनं तोंड वाकडं केलं आणि भोकाड पसरलं.

कुंडलिकनं एका हातानं तिला उचललं आणि दुसऱ्या हातानं फोन. शांताबाईचं नाव काढून बोट बटणावर ठेवलं. मग त्याला दारात उभी असलेली शांताबाई आठवली आणि त्यानं फोन उपडा करून लसणाशेजारी ठेवून दिला.

संध्याकाळी वैशाली आली तेव्हा त्यानं पाळणाघराची रीत पाळली. आज-उद्यात पडेल असं वाटतंय, लक्ष ठेव. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरता भरता वैशाली ओरडली आणि धम्मपाल अर्धी दाढी केलेला बाहेर धावत आला. वैशाली आनंदानं रडायलाच लागली. कुंडलिकनं गालावर हात ठेवून काय सांगतेस म्हटलं. वैशालीनं लगेच फोन उचलला, आईंना सांगते म्हणाली, तेव्हा मात्र कुंडलिकनं तिच्या हातातनं फोन काढून घेतला आणि शांताबाई जाताना काय म्हणाली ते तिला सांगितलं. धम्मा गंगुबाईच्या ओट्यावर पडला तेही सांगितलं. ज्या बाईला दिवसभर खिडकीपलीकडच्या लोकांचे रिपोर्ट देत आपल्या पोरीची आठवण काढावी लागते, तिला हे दोनदा समजवावं लागलं नाही. ती म्हणाली, आई आल्या की उर्वी त्यांच्यासमोर पहिल्यांदा पडेल. धम्मपालनंही मान डोलावली. घरातल्या सगळ्यांनी मिळून एक थाप मारायचं ठरवलं, आणि ती सांभाळायला दिली, अर्थात, कुंडलिककडे.

इथवर ठीक होतं. पण पालथं पडायला आलं आणि उर्वीची झोप गेली.

आधी ती झोळीत झोपायची. शांताबाईनंच आपल्या जुन्या सुती साडीची झोळी छताच्या कडीला बांधून दिलेली. तीत टाकलं, दोन झोके दिले की पोरगी गपगार. आता झोळीतही ती पालथी पडायला बघायला लागली. एकदा वळता वळता झोळी कलंडली आणि तिचं नाकतोंड कापडात दबलं. वैशालीनं ते बघितलं आणि त्याच क्षणी झोळी सोडून घडी घालून ठेवली. मग खाली, कडक गादीवर. तिथे डोळा लागायचा, झोपेतच पाय पडायचा, पोरगी पालथी व्हायची, हात अडकायचा आणि किंकाळी. उताणी करा, पुन्हा डोळा लागला, पुन्हा पालथी, पुन्हा किंकाळी. तिला उलटून उलटून गादीखालच्या लाद्यांवरची नक्षी पुसट झाली असं कुंडलिक सांगायचा, आणि दर खेपेला एक लादी वाढवायचा.

खालच्या मजल्यावरच्या अण्णांनी सुचवलं, दोन्ही बाजूंना उशा लावा. वरून कुणी म्हणालं, दुपट्यात करकचून गुंडाळा, हलणारच नाही. वैशालीनं दोन्हीला साफ नाही म्हटलं. पोर वळायला लागली की आजूबाजूला मऊ काही नको आणि गुंडाळणं तर मुळीच नको, असं मुलांच्या डॉक्टरांनी तिला सांगितलेलं. म्हणजे काय नको ते सगळ्यांना माहीत होतं. काय हवं ते ज्या बाईला माहीत होतं ती ठाण्याला होती, आणि तिला विचारायचं तर उर्वी पालथी पडते हे आधी सांगावं लागणार होतं. पोरगी दिवसभर किरकिरी, डोळ्यांखाली काळं. वैशाली खिडकीवर बसल्या बसल्या पेंगायची. कुंडलिकला तर थापासुद्धा सुचेनाशा झाल्या, आणि हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं.

शांताबाईचा फोन रोज दुपारी यायचा. तिच्याकडे तो साधा बटणांचा फोन. योगिनी कामावर गेली की घरात ती एकटी, मग फोन. संध्याकाळी योगिनीच्या मोबाइलवर व्हिडिओ लावायचे तेव्हा वैशाली उर्वीला मांडीत घट्ट धरून बसायची, की आजीला बघून पोरगी तिथेच पालथी व्हायला नको. दुपारचा फोन मात्र नवराबायकोचा.

"पडली का?" हा शांताबाईचा पहिला प्रश्न.

"नाही गं. वळते, परत जाते. तुझी वाट बघतेय," हे कुंडलिकचं रोजचं उत्तर.

त्या दुपारी उत्तर देऊन झालं आणि त्याच्या तोंडातनं निघून गेलं, "शांते, मूल पालथं पडून झोपेतनं सारखं उठत असेल तर काय करतात?"

पलीकडून लगेच प्रश्न आला, "कुणाचं मूल?"

कुंडलिकनं वर बघितलं. वर छत होतं. छताच्या वर दुसरा मजला होता.

"वरती नवीन भाडेकरू आलेत. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी. आंबिवलीचे. त्यांचा पोरगा. सर्वेश."

असा सर्वेश ठाकुर्लीला राहायला आला. पाठोपाठ त्याची आई आली, सोनल नावाची, बारीकशी, नवखी, सारखी रडवेली. बाप टेम्पो चालवायचा आणि फार कमी बोलायचा, कारण कुंडलिकला त्याचा आवाज सुचला नव्हता. शांताबाईनं आधी सोनलची चौकशी केली, मग झोळीत झोपवते का विचारलं. सोडली असं कुंडलिकनं सांगितलं, तर बरं केलं म्हणाली. आणि मग जशी ती पाळणाघरात नव्या बाईला शिकवायची तशी तिनं कुंडलिकला शिकवलं.

पोर रडलं की लगेच उचलायचं नाही, म्हणाली. उचललं की ते शिकत नाही. त्याचा हात अंगाखाली अडकतो, तेवढाच सोडवायचा. परत उताणं व्हायचं तर कमरेला नुसता हात लावायचा, वाट दाखवायची, ढकलायचं नाही. आणि हे सगळं दिवसा. दिवसा जमिनीवर सोडून पोटभर लोळू द्यायचं, समोर काहीतरी ठेवायचं, इकडून तिकडे, तिकडून इकडे. दिवसा हौस फिटली नाही तर मूल ती झोपेत फिटवून घेतं. झोपवताना मात्र दर वेळी उताणंच ठेवायचं, गादीवर दुसरं काही नको. आणि जवळ बसायचं. एकदा दोन्हीकडून वळता यायला लागलं, की मग ते आपल्या आपण ज्या अंगावर जाईल त्या अंगावर झोपू द्यायचं.

"सोनलला म्हणावं, चार दिवस रडेल. मग त्याला त्याची वाट सापडेल," शांताबाई म्हणाली. "तिची सासू नाही का जवळ, बघायला?"

"नाही. लांब आहे. तब्येतीनं अडकलीय."

शांताबाई म्हणाली, "तिचा जीव इकडेच असणार."

कुंडलिकनं फोन ठेवला, गोधडी मोकळी अंथरली, उर्वीला त्यावर सोडलं आणि शिकवल्याप्रमाणे करायला घेतलं. लसणाची पाकळी नको, चमचा ठेवला. पोरगी चमच्यासाठी पालथी झाली, हात अडकला, रडली. कुंडलिकचे हात उचलायला शिवशिवले, पण त्यानं फक्त कोपर मोकळं केलं. कमरेला दोन बोटं लावली. ती उताणी झाली आणि आश्चर्यानं छताकडे बघत राहिली. संध्याकाळ होईस्तोवर ती लोळली, तो तिच्यासोबत लोळला, आणि त्याची कंबर जी धरली ती सैल व्हायला तीन माणसं लागली असं तो सांगतो. खरं म्हणजे एकटी वैशाली पुरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शांताबाईचा पहिला प्रश्न बदलला.

"झोपला का तो?"

कुंडलिकला क्षणभर कळेना, कोण तो. मग म्हणाला, थोडा झोपला. हात सोडवायला लागलाय. त्यावर तिनं आणखी विचारलं, कुठला हात, डावा की उजवा, आणि वळतो कुठल्या बाजूला. कुंडलिकनं जे उर्वीचं दिसत होतं ते सर्वेशचं म्हणून सांगितलं. थाप मारताना आयुष्यात पहिल्यांदा त्याला काही बनवावं लागत नव्हतं. नाव तेवढं खोटं. बाकी सगळं, ती लटलटणारी मान, जिभेचा तो बाहेर आलेला शेंडा, चमचा हाताला लागला तेव्हाचं ते हसणं, सगळं खरं. आणि पलीकडे शांताबाई ते असं ऐकायची, की मधे हूं म्हणायचीही विसरायची.

मग एका दुपारी तिनं विचारलं, "पहिल्यांदा पडला तेव्हा कुणी बघितलं त्याला?"

वैशाली त्या दिवशी सुट्टीमुळे घरी होती, कपडे वाळत घालत होती. तिचे हात दोरीवर थांबले. कुंडलिकनं तिच्याकडे पाठ केली आणि सांगितलं. दुपार होती. घरात म्हातारा होता, आजोबा. लसूण सोलत होता. पोरगा आजीच्या जागेकडे वळायचा, आजी तिथे नव्हती तरी. पाय टाकला, कंबर उचलली, कुशीवर थांबला. मग पान उलटावं तसा. मान वर. आधी त्या भिंतीकडे बघितलं, मग म्हाताऱ्याकडे. डोळे एवढे. काहीही राहू दिलं नाही त्यानं, आणि काही वाढवलंही नाही, हे कुंडलिकच्या बाबतीत कुणाला खरं वाटणार नाही.

बराच वेळ फोनमध्ये योगिनीकडच्या पंख्याचा आवाज येत राहिला.

"बरं झालं," शांताबाई म्हणाली. "कुणीतरी होतं ना समोर. ओट्यावर तर नाही पडला."

फोन ठेवल्यावर वैशाली म्हणाली, बाबा, पुरे आता, सांगून टाका त्यांना. कुंडलिक म्हणाला, थोडे दिवस राहिलेत. पण त्यालाही जड जायला लागलं होतं. थाप म्हणजे पाणी येईपर्यंत मारायची गोष्ट. ही तर वर राहायला येऊन बसली होती. शांताबाईनं योगिनीकरवी, स्टेशनवर धम्मपालच्या हाती, सर्वेशसाठी एक खुळखुळा पाठवला. उर्वीसाठी पाठवला नाही, कारण उर्वीला मी येऊन देईन म्हणाली. मग तिला सोनलशी बोलायचं होतं. कुंडलिकनं वैशालीला विचारून बघितलं, जरा बारीक आवाज काढशील का. वैशालीनं त्याच्याकडे असं बघितलं की तो प्रश्न त्यानं गिळूनच टाकला. आईंना माझी शिंकसुद्धा ओळखू येते, ती म्हणाली.

तेव्हा त्यानं सर्वेशला घालवायचं ठरवलं. दुपारी फोनवर सांगितलं की ती माणसं गेली गावाला, टेम्पोच्या धंद्यात काही राम नाही म्हणून.

"सगळं सामान घेऊन?" शांताबाईनं विचारलं.

"हो."

"आता कुठे झोपायला लागलेला," ती म्हणाली. आवाज एवढासा. "नव्या जागेत परत बिघडेल सगळं त्याचं."

त्या दिवशी तिनं पुढे उर्वीचंही काही विचारलं नाही. अंगातली आग जरा जास्त आहे म्हणाली आणि फोन ठेवला. कुंडलिक अर्धा तास घरात येरझारा घालत राहिला. मग त्यानं आपणहून फोन लावला. टेम्पो पत्रीपुलावर बंद पडला, म्हणाला, सगळं सामान घेऊन परत आली माणसं. मालकानं जुन्याच भाड्यात ठेवून घेतलं. शांताबाई म्हणाली, जाऊ दे बाई, टेम्पोलाच कळलं. आणि विचारलं, आता झोपलाय का.

इकडे उर्वीला तिची वाट सापडत चालली होती. रडणं आधी लांब व्हायचं, मग आखूड झालं, मग नुसती कुरकुर उरली. ती स्वतःच हात ओढून घ्यायची. उताणीची पालथी, पालथीची उताणी, मधे थांबून जांभई. एकदा दुपारी कुंडलिकनं तिला उताणी निजवली, ती पालथी झाली, मान एका बाजूला टाकली, बूड वर काढलं आणि तशीच झोपून गेली. त्यानं वाकून बघितलं, नाक मोकळं, श्वास चालू. तो तिथून हलला नाही. एवढं मोठं काम झालं होतं, आणि ते सांगायचं होतं ते फक्त सर्वेशनं केलं म्हणून.

त्याला आता वेगळाच घोर लागला. शांताबाई येईल, दारात उभी राहील, हात धुऊन उर्वीजवळ बसेल. आणि ही पोरगी, जिला आता दोन्हीकडून लोळता येतं, ती पहिल्यांदाच पडल्यासारखी कशी पडणार? मोठ्या माणसाला समजावता येतं. तान्ह्या पोरीला थाप मारायला कोण शिकवणार?

पुढच्या दुपारी फोन आला तेव्हा उर्वी नुकतीच गादीवर टेकली होती. त्यानं फोन गादीच्या कडेला ठेवला, आवाज मोठा केला आणि एका हातानं पोरीला थोपटत राहिला. शांताबाईचा आवाज त्या दिवशी हलका होता. नवीन फोड येत नाहीत, म्हणाली. जुन्यांवर खपल्या धरल्यात, दोन-चार ओल्या आहेत तेवढ्या सुकल्या की डॉक्टर मोकळं करणार. योगिनी सोडायला येणार. तिनं सर्वेशचं विचारलं, कुंडलिकनं सांगितलं, दोन्हीकडून वळतो, कालपासून सलग झोपतो. तिला बरं वाटलं. सोनलला म्हणावं, आता विसरेल ती हे सगळं, पोर रांगायला लागलं की.

बोलता बोलता उर्वीनं पाय टाकला. कुंडलिकनं हात उचलून वाट दिली. ती भिंतीच्या बाजूनं वळली, पालथी झाली, हात ओढून घेतला आणि गाल गादीला लावला. आवाज काही केला नाही. कुंडलिकनं पुन्हा थोपटायला घेतलं, बोलणं न तोडता.

"आणि आपली?" शांताबाईनं विचारलं. "पडली का?"

"नाही गं. वळते, परत जाते."

"झोपलीय का आता?"

"झोपतेय. उताणी आहे. थोपटतोय."

पलीकडून काही आलं नाही. त्याला वाटलं फोन कटला. त्यानं वाकून बघितलं, चालू होता. तिकडे पंखासुद्धा बंद केलेला असावा, इतकं शांत. त्याचा हात चालूच होता, थप, थप, सावकाश, पोरीच्या श्वासाच्या तालात.

"शांते?"

"अहो, ही थाप पाठीवर पडतेय," शांताबाई म्हणाली. "छातीवरची अशी वाजत नाही. पालथी आहे ती. पडते ती पालथी."

कुंडलिकचा हात पोरीच्या पाठीवर तसाच राहिला. तोंड उघडलं, पण तिथे काही नव्हतं, ना मासा, ना टेम्पो.

"हात थांबवू नका," फोनमधनं आवाज आला, अगदी हळू, झोपलेलं मूल जवळ असल्यासारखा. "ऐकतेय मी."